आई रडत का नाही?

अण्णा गेले तेव्हा मी डीएडच्या दुसऱ्या वर्षाला होते, नगरला, होस्टेलवर. अण्णा म्हणजे माझे वडील. राहात्याजवळच्या आमच्या गावातून रोज सायकलवर साखर कारखान्यात जायचे, फिटर होते. हिवाळ्याचे दिवस, गाळप जोरात, आणि पाळीवर असतानाच छातीत कळ येऊन दवाखान्याच्या वाटेवर संपले. कॉलेजच्या ऑफिसात फोन आला, 'वडलांना बरं नाही, लगेच निघ.' असा निरोप आला की माणसाला कळायचं ते कळतं. मनमाडकडे जाणाऱ्या एसटीत मी उभ्यानं आले आणि वाटभर डोक्यात एकच चाललेलं, की आईला कोण सावरत असेल?

घरी पोचले तर आईला सावरायची कुणाला गरजच नव्हती. मी दिसल्याबरोबर अंगणातल्या बायकांनी गळा काढला. आई उठली, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "बसायला जागा मिळाली का गाडीत?"

"नाही," मी म्हणाले.

"मग पाय दुखत असतील. बस जरा."

मी बसले. दुसरं काय करणार? समोर अण्णांना ठेवलेलं, आणि माझी आई माझ्या पायांची चौकशी करतेय. मला वाटलं, तिला अजून कळलंच नसेल. पण कळलं होतं. कारखान्यातली माणसं दारात आली तेव्हा ती भाकरी करत होती. त्यांचं ऐकून तिनं स्टोव्ह बंद केला, हाताचं पीठ परातीत झाडलं आणि विचारलं, "त्यांनी डबा खाल्ला होता का?" हे मला आत्यानं सांगितलं. सांगताना माझ्याकडं असं पाहिलं, की आता तूच काय ते समजून घे बाई, तू शिकलेली.

मला काही समजलं नाही. त्या दिवसांत मला काही म्हणता काही समजत नव्हतं, आणि ज्यांना सगळं समजलेलं होतं त्यांचा भयंकर राग यायचा. मी मुळातच तापट. घरात अण्णा सोडले तर माझ्या तोंडी कुणी लागायचं नाही.

आमच्याकडं मयताच्या घरी बायका भेटायला कशा येतात, ते ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. ज्यानं पाहिलं नाही त्याच्यासाठी सांगते. गावाच्या वळणापर्यंत त्या अगदी नीट येतात. पानसुपारी चालते, कुणाची सून कशी नांदत नाही ते चालतं. पहिलं घर दिसलं की पदर डोक्यावर, टोक तोंडाला, आणि सूर लागतो. मग अंगणातल्या बायका आतून उत्तर देतात. जिचं माणूस गेलं तिनं उठायचं, आलेलीच्या गळ्यात पडायचं, आणि दोघींनी मिळून गेलेल्याचं सगळं आठवून आठवून रडायचं. तो कसा होता, काय बोलायचा, कसा सोडून गेला. पोटभर झालं की कुणीतरी म्हणतं, "बास गं आता, लेकीकडं बघ," आणि मग पाणी. पुढची आली की पुन्हा पहिल्यापासून.

माझी आत्या यात पटाईत. अण्णांची धाकटी बहीण, गावातच दिलेली. तिचा सूर लागला की बांधावरचा माणूस काम सोडून डोळे पुसायचा. आणि तिचं खोटं नव्हतं हो! भावासाठी ती खरंच आतडं तोडून रडत होती. पण पाणी प्यायली की लगेच शेजारणीला विचारायची, "पेरूची तोड झाली का तुमची?" ही दोन्ही एकाच बाईच्या आत कशी मावतात, ते मला तेव्हाही उमगलं नाही आणि आताही सांगता यायचं नाही.

आई आलेलीला गळ्यात पडू द्यायची. ती बाई खांद्यावर हमसून हमसून रडतेय आणि आई तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी. तिचं रडून झालं की म्हणायची, "पाणी घे. लांबून आलात. टेम्पोत वारं लागलं असेल." एका म्हातारीला तर तिनं स्वतः चहा करून दिला. झालं! नवऱ्याची राख निवली नाही तोवर बाई चहा गाळतेय, हे गावभर झालं.

थोरले काका मात्र खूश. खूश हा शब्द बरा नाही, पण दुसरा सापडत नाही. अण्णांचे मोठे भाऊ, रिटायर्ड मास्तर, आमच्या विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते आईकडं हात करून सांगायचे, "आपण धम्म घेतला तेव्हाच हे गळे काढणं सोडलं. सगळं अनित्य आहे. लोकांना भाषणं ऐकून कळत नाही ते हिला आपोआप कळलं. याला म्हणतात धीराची बाई." आई खाली मान घालून तांदूळ निवडत असायची. आपलं कौतुक चाललंय का दुसऱ्या कुणाचं, याचं तिला काहीच नसायचं.

काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आपल्यात बांगड्या फोडायच्या नाहीत, बाईला असलं काही करायचं नाही. मला बरं वाटलं होतं. आजही वाटतं. पण आत्या मला न्हाणीमागं घेऊन गेली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "थोरल्याचं बरोबर हाय गं. पर बांगड्या फुटल्या आसत्या ना, तर वहिनी रडली आसती. बाई त्या आवाजाला रडती. आता हिनं रडायचं तरी कशाला धरून?"

"आत्या, काहीतरी बोलू नकोस," मी तिच्यावर ओरडले. आणि दिवसभर तेच डोक्यात घुमत राहिलं. काकांचं बरोबर, आत्याचंही बरोबर. दोघांचं एकाच वेळी बरोबर असेल तर माझ्या आईनं करायचं काय?

त्याच संध्याकाळी काका न्हाणीत गेले ते बराच वेळ बाहेर येईनात. मी टॉवेल घेऊन उभी. बादलीत तांब्या बुडवल्याचा आवाज येत होता, पण अंगावर पाणी ओतल्याचा नाही. मधूनच दुसरा एक आवाज आला. तो कसला ते ओळखल्यावर मी टॉवेल दोरीवर टाकला आणि घरात पळाले. ते आले तेव्हा डोळे लालबुंद. "साबण गेला," म्हणाले. मी "हो का" म्हणाले. म्हणजे लोकांना अनित्य सांगणारा माणूस न्हाणीत रडतोय, आणि जिनं रडावं म्हणून गाव टपून बसलंय ती दळणाचे गहू उन्हात घालतेय.

माझ्याकडं एक पुस्तक होतं. डीएडला मानसशास्त्राचा पेपर असतो. परीक्षा तोंडावर होती म्हणून असेल, निघताना ते पिशवीत टाकलं गेलं होतं. मी ते पहिल्यापासून चाळलं. घंटा ऐकून कुत्र्याची लाळ कशी गळते, ते होतं. उंदीर पिंजऱ्यातून वाट कशी काढतो, ते होतं. वर्गात मूल हिरमुसलं तर शिक्षकानं काय करावं, तेही होतं. नवरा गेल्यावर न रडणाऱ्या बाईचं कुठंच काही नव्हतं. शेवटी एका पानावर सापडलं की माणसानं भावना दाबून ठेवल्या तर त्या दुसऱ्या वाटेनं बाहेर पडतात, म्हणून त्याला बोलतं करावं. म्हटलं, हां, हे झालं काम! आणि तशीच उठून आईला बोलतं करायला गेले.

"आई, तुला आतून काय वाटतं?"

"कशाचं?"

"असंच. मनात काय चाललंय ते सांग. बोललं की मोकळं होतं."

ती विचारात पडली. मनापासून शोधत होती, चेहऱ्यावर दिसत होतं. मग म्हणाली, "अंगणवाडीची खिडकी उघडी राहिलीय बहुतेक. सुकडीच्या पोत्याला उंदीर लागायचे." आई गावच्या अंगणवाडीत सेविका होती, सुकडी म्हणजे पोरांचा सरकारी खाऊ.

"ते नाही गं आई! अण्णांचं!"

"अण्णांचं काय?"

आता यावर काय बोलणार, कप्पाळ! मी पुस्तक पिशवीच्या तळाशी घातलं.

आत्याचे उपाय वेगळेच. तिनं अण्णांचे कारखान्याचे कपडे काढून आईच्या मांडीवर ठेवले. आईनं ते झटकले, घड्या नीट केल्या आणि परत ट्रंकेत ठेवले. मग आत्यानं घमेलंभर कांदे पुढ्यात आणून टाकले, पाहुण्यांच्या भाजीला म्हणून. आई कांदे चिरायला बसली. थोड्या वेळानं तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि आत्या ओरडली, "आलं गं, आलं! रड माझे बाई, रड!"

"कांदा आहे वन्सं तो," आई म्हणाली आणि मनगटानं नाक पुसून पुढचा घेतला.

मला हसू आलं आणि आपल्याला हसू आलं याची भीतीही वाटली. आठवडा होत आला होता अण्णांना जाऊन. आई जेवत होती, झोपत होती, विचारलं त्याचं उत्तर देत होती. मग बिघडलं काय होतं? कुणालाच सांगता येत नव्हतं, पण बिघडलंय यावर सगळ्यांचं एकमत. माझंसुद्धा.

एका सकाळी ती आंघोळ करून सरळ अंगणवाडीत गेली. मी मागोमाग. आत न जाता खिडकीशी उभी राहिले. पोरं गोल बसलेली आणि मध्ये आई हत्तीचं गाणं म्हणतेय, दंडाची सोंड करून डुलतेय. पोरं खिदळतायत. एक चिमुरडी उठून म्हणाली, "बाई, तुमच्या घरचे मेले ना?"

"हो," आई म्हणाली.

"मग आता?"

"मग आता सुकडी खायची. हात धुऊन या बघू."

मी खिडकीचा गज धरून उभी राहिले. ही माझी आई शहाणी आहे का हिच्या डोक्यावर खरंच परिणाम झालाय? तिच्या तोंडाकडं बघून ठरवावं म्हटलं तर तोंड नेहमीसारखं. घरी परत जाईपर्यंत गावात झालंच होतं, 'नवरा गेला न् बाई हत्ती करती!'

ही बातमी मामापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ, नगरच्या कर्जतकडचा. अंत्यविधीला धावतपळत येऊन गेला होता. आमच्यात दहाव्याच्या जागी जलदानविधी असतो, त्याच्या आदल्या दिवशी तो टेम्पोभर बायका घेऊन आला. बायकांनी वळणापासून सूर धरला. आईनं त्यांना आत घेतलं, पाणी दिलं, टेम्पोत कुणाला उलटी झाली का विचारलं. मामा हे सगळं दारात उभा राहून बघत होता. पाण्याला शिवला नाही. मला घेऊन घरामागच्या पेरूच्या बागेच्या बांधावर गेला.

"रडली का ती?"

"नाही."

"येकदा बी न्हाई?"

"नाही मामा."

"आसं मुसमुसून? चुलीम्होरं? कुनी नसताना?"

"मी तरी नाही बघितलं."

तो मटकन खाली बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मला म्हणाला, "तुझ्या थोरल्या मावशीचं ठावं हाय का तुला?"

थोरली मावशी मामाच्याच घरी असायची. भिंतीकडं तोंड करून कोपऱ्यात बसलेली. बोलायची नाही, भरवल्याशिवाय खायची नाही. सुट्टीत आम्ही जायचो तेव्हा मी तिच्या पाया पडायचे आणि खेळायला पळायचे. मला वाटायचं ती जन्मापासून तशीच आहे.

"जल्मापासून कुठली?" मामा म्हणाला. "चांगली हसती-बोलती बाई. नवऱ्यासंगं ऊसतोडीला गेल्ती. तिथं कोपीत, पाचटाच्या खोपटात, पोरगं गेलं तापानं. दुसऱ्या दिशी ही मोळ्या उचलाय हजर. डोळ्यातनं टिपूस न्हाई. समदे म्हनायचे, लई धीराची. मी बी म्हनलो. मंग हळूहळू बोलनं सुटलं, खानं सुटलं. नवऱ्यानं आनून सोडली. तवापासनं मी भरवतो, तुझी मामी भरवती. आता ही धाकटी बी त्याच वाटंनं चाललीय. मला कळंना व्हय?"

"पण मामा, आई जेवते. बोलते."

"थोरली बी जेवायची. आदी."

मामा टोपीकडं बघत बोलत राहिला. "उद्या जलदान झालं की तिला घिऊन जातो. नगरला डोक्याचा डाक्टर हाय. शाक देत्यात म्हन. देऊ दे. पर हिला मी भिताडाकडं तोंड करू द्यायचो न्हाई."

"तिची अंगणवाडी? ती जाईल ना मामा दुसऱ्या कुणाला. आयुष्यभर लोक वेडी म्हणतील तिला."

"म्हनू दे."

"आणि माझं कॉलेज?"

"तुला बी नेतो. येकलीला कुठं ठिऊ?" मग माझ्याकडं बघून त्याचा आवाज मऊ झाला. "उद्याच्याला रडली तर न्हाई नेत. तुझी शपत. नुसती येकडाव मोकळी झाली ना, मी आल्या पावली माघारी जाईन."

मी चिडले, भांडले, त्याला अडाणी म्हणाले. तो ऐकून घेत होता. आणि बोलता बोलता माझाच जोर ओसरला, कारण आत कुठंतरी मला वाटत होतं, याचंच खरं असलं तर? आईची अंगणवाडी वाचवायच्या नादात मी तिलाच घालवून बसले तर? शॉक या शब्दानं अंगावर काटा यायचा आणि मावशी आठवली की त्याहून मोठा यायचा.

दुसऱ्या दिवशी जलदानविधी झाला. भंते आले, वंदना झाली, काकांचं भाषण झालं. त्यात आईचा धीर पुन्हा आलाच. पांढऱ्या साडीत हात जोडून बसलेली आई इतकी शांत दिसत होती की कर्जतच्या बायका एकमेकींना कोपर मारत होत्या. मामा एकटक तिच्या डोळ्यांकडं बघत होता. जेवणं उरकली तसा तो उठला, आईच्या साड्यांची पिशवी उचलली आणि टेम्पोत नेऊन ठेवली.

आईनं पाहिलं. मला वाटलं आता तरी भांडेल. "दादा म्हणतोय तर जाऊ चार दिवस," ती म्हणाली. कुठं, कशाला, काही विचारलं नाही. ते ऐकलं आणि मी तिचा दंड धरून तिला स्वयंपाकघरात ओढलं, दार लोटलं.

"आई, रड."

"काय?"

"रड. मामासमोर मोठ्यानं रड एकदा. नाटक कर हवं तर. तो तुला चार दिवसांसाठी नेत नाहीये, शॉकवाल्या डॉक्टरकडं नेतोय. त्याला वाटतं तुझी मावशीसारखी गत होणार."

तिचा चेहरा उतरला. हातातलं झाकण तिनं पातेल्यावर ठेवलं, नीट बसलं का बघितलं आणि मला विचारलं, "कसं रडायचं गं?"

"म्हणजे?"

"मी बघते ना सगळ्यांचं. पण सुरू कुठून करतात तेच सापडत नाही मला."

देवाशप्पथ सांगते, आता हा शब्द आमच्या घरात चालत नाही तरी सांगते, ती चेष्टा करत नव्हती. माझी आई, गावातल्या पोरांना हात धुण्यापासून पाढ्यांपर्यंत सगळं शिकवणारी, माझ्यासमोर विद्यार्थिनीसारखी उभी होती. आणि मी काय केलं? शिकवायला लागले! आम्हाला तेच घोटवलेलं होतं ना, आधी स्वतः करून दाखवा, मग करून घ्या.

"पदर तोंडाला लाव. हां. आता श्वास आत ओढ, तुकड्यातुकड्यानं. खांदे हलू देत. आता हाक मार."

"कुणाला?"

"अण्णांना!"

"काय म्हणून?"

"तू काय म्हणायचीस तेच."

"अहो," ती म्हणाली. चहा झालाय म्हणून सांगायची तसं.

"मोठ्यानं गं. हेल काढून. अहोऽऽ, मला सोडून कुठं गेलाऽऽत."

"अहो, मला सोडून कुठं गेलात?" बाजारात गेलेल्या माणसाची चौकशी करावी तसं तिनं विचारलं.

"असं नाही!" मी आत्याचा अवतार घेतला. छाती पिटली, मान टाकली, मागं झुकले, आणि कोपर लागून भाताच्या पातेल्यावरचं झाकण खाली पडलं ते गरगर फिरत पार उंबऱ्यापर्यंत गेलं. आईनं झाकणाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि फुस्सकन हसली. मग मलाही आवरेना. दोघी पदर न् ओढणी तोंडात कोंबून भिंतीला टेकलो, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

झाकणाच्या आवाजानं आत्यानं दार ढकललं. आईचे हलणारे खांदे बघून तिचा चेहरा उजळला, "रडली गं बया!" तेवढ्यात आईनं तोंडावरचा पदर काढला.

"आरं पळा!" आत्या किंचाळली. "हसतीय! वहिनी हसतीय!"

अंगणातला सगळा गलबला बंद झाला. मामा धावत आला आणि उंबऱ्यातच थांबला. आईच्या ओठांवरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, ते त्यानं पाहिलं. मग तो खाली बसला, एवढा मोठा माणूस, आणि तिच्या पायाशी जमिनीवर हात टेकून म्हणाला, "दोघींना भरवायचं बळ न्हाई गं माझ्यात. न्हाई ऱ्हायलं."

आई त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं पदर तोंडाला लावला. श्वास आत ओढला, तुकड्यातुकड्यानं. खांदे हलले. आणि तिनं हाक मारली, "अहोऽऽ!"

मी शिकवलं होतं तसंच, त्याच क्रमानं. शाब्बास, मी मनात म्हटलं. खरंच म्हटलं. "मला सोडून कुठं गेलाऽऽत," ती म्हणाली, हेल अगदी बरोबर. माझा पाठ तिथं संपत होता. आई थांबली नाही. "अहो, मफलर खुंटीलाच राहिला, थंडी होती, घ्या म्हटलं तर ऐकलं नाहीत. अहो, मी मागनं ओरडले, तुम्ही वळूनसुद्धा बघितलं नाहीत." हे मी कुठं शिकवलं होतं? मफलरचं मला माहीतही नव्हतं. नाटक कुठं संपलं आणि पुढचं कुठं सुरू झालं, ते मी समोर उभी असूनही मला सांगता येणार नाही. तिला विचारलं तर तिलाही सांगता आलं नसतं.

आत्या तिच्या गळ्यात पडली. कर्जतच्या बायकांनी सूर धरला. मामा तर लहान पोरासारखा रडत होता, रडता रडता हसत होता आणि आल्यागेल्याला सांगत होता, "मोकळी झाली, माझी बहीण मोकळी झाली." काका बाहेर उभे होते, त्यांनी कुणाला अडवलं नाही. मग मामानं टेम्पोतली पिशवी आणून पुन्हा घरात ठेवली, आल्यापासून पहिल्यांदा भाकरी मागून घेतली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बायकांना घेऊन निघाला. टेम्पो वळणाआड गेला. आत्या म्हशीच्या धारा काढायला घरी गेली.

आई रडतच होती. "बास गं आता," सगळ्यांनी म्हणून झालं होतं. पाणी दिलं ते ती प्यायली आणि पुन्हा रडायला लागली. दिवेलागण झाली. मी दार लावून तिच्याजवळ बसले. मी जिंकल्यासारखी होते, ती थांबत नाहीये हे मला आधी कळलंच नाही.

"आई, गेले सगळे. कुणी नाही नेत तुला. काम झालं आपलं, थांब आता."

तिनं मान हलवली.

"आई, बास ना."

"थांबता येईना गं," ती उचक्यांतून म्हणाली आणि माझा हात घट्ट धरला. डोळ्यांत भीती होती. "सुरू करायचं दाखवलंस. थांबायचं कसं?"

ते मला कुठून माहीत असणार? अण्णा गेल्यापासून मी स्वतः एकदाही रडले नव्हते, आणि ते तोवर कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्यासुद्धा.